पोत्यातून सांडलेली ज्वारी

आज आईला घेऊन वाशीच्या दाणाबाजारात गेलो होतो, वर्षाची ज्वारी भरायला. हमालाच्या खांद्यावरच्या पोत्यातून दाणे सांडले तर आई तिथेच खाली बसून वेचायला लागली, मी म्हटलं अगं राहू दे, तर म्हणाली बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, खाल्लीय, तुला नाही कळायचं. ती तेव्हा दहा वर्षांची, बीडकडची, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि येताना तिथे मिळणारं कोरडं खाणं, सुकडी, पदरात आणायची.

परत येताना ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये तेच डोक्यात. पाऊस तर तेव्हाही नव्हता ना, पण सरकारला कामं काढावी लागली, विरोधक मोर्चे काढत होते, पेपरात फोटो येत होते, आणि त्यातूनच 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. बहात्तरच्या साधारण 30 वर्षं आधी, 1943 ला बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसं गेली, कारण इंग्रजांना युद्ध महत्त्वाचं, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून लोकांच्या होड्या आणि तांदूळही काढून घेतले.

आणि सुदान तर आत्ताचं आहे. दोन सेनापती, बुरहान आणि हेमेदती, आधी मिळून सत्ता बळकावली मग एप्रिल 2023 पासून एकमेकांशी लढतायत, एल फाशर शहराला ऑक्टोबर 2025 पर्यंत वर्षाहून जास्त वेढा होता, जवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत 2024 ला दुष्काळ जाहीर झाला. मदतीचे ट्रक अडवले जातात हो! उपासमार हे युद्धातलं हत्यार नको असा ठराव सुरक्षा परिषदेने 2018 मध्येच केलाय, तरी शांततेच्या बोलण्यांत ट्रक सोडायचे की नाही हाही सौद्याचा मुद्दा. मला हे सहनच होत नाही.

घरी आल्यावर आईने ते वेचलेले मूठभर दाणे पाखडून डब्यात टाकले.