बाईंचा लंब

नववीत भूमितीच्या बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून विचारलं, "बिंदूपासून रेषेपर्यंत सर्वांत जवळची वाट कोणती?" मी "लंब" म्हणालो. "का?" याला उत्तर नव्हतं. बाईंनी खडू माझ्या हातात दिला. "दुसरी कुठलीही रेघ काढ. तो कर्ण होतो की नाही बघ." आकृतीत काटकोनाची खूण द्यायची राहिली, की त्या वही परत करायच्या.

पुढे एम.एस्सी.ला लिनिअर प्रोग्रॅमिंग शिकलो, म्हणजे सरळ रेषांच्या अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधण्याचं गणित. नफा जास्तीत जास्त करण्याचं गणित आणि साधनांची एकूण किंमत कमीत कमी ठेवण्याचं त्याचं जोडगणित, दोन्हींचं उत्तर एकच येतं. ही स्ट्राँग ड्युॲलिटी. 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत काढणारे जॉर्ज डँट्झिग प्रिन्स्टनला गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना भेटले, तेव्हा या जोडीची कल्पना त्यांना फॉन नॉयमन यांच्याकडून कळली. आम्हाला सिद्धता सिम्प्लेक्सच्या, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्याने उत्तर शोधायच्या पद्धतीच्या, तक्त्यांतून शिकवली. ओळ न् ओळ पटली, पण उत्तर एकच का, ते दिसेना.

म्हणून लहान गणित घेतलं. x, y ऋण नकोत, 2x+y ≤ 10, x+y ≤ 7, आणि 4x+3y जास्तीत जास्त हवं. उत्तर (3,4) या कोपऱ्यात, 24. अटी म्हणजे भिंती, 2x+y आणि x+y यांच्या भिंतींना काटकोनात बाहेर जाणारे बाण (2,1) आणि (1,1), आणि (4,3) म्हणजे ओढ. ओढलेला चेंडू कोपऱ्यात थांबतो, कारण दोन भिंती त्याला मागे रेटतात: (4,3) = 1×(2,1) + 2×(1,1). ते 1 आणि 2 म्हणजेच किमती! 10×1 + 7×2 = 24. चेंडू ज्या भिंतीला टेकलेलाच नाही, तिचा रेटा शून्य, किंमतही शून्य. त्या रात्री मला झोप आली नाही.

पण चेंडू म्हणजे सिद्धता नव्हे. टेकलेल्या भिंतींच्या बाणांना शून्य किंवा धन संख्यांनी गुणून बेरजा केल्या, की एक शंकू बनतो. ओढीचा बाण त्या शंकूबाहेर पडला तर? मग त्याच्या टोकापासून शंकूवर लंब टाकायचा. लंबाच्या पायापासून टोकाकडे जाणारी दिशा टेकलेल्या प्रत्येक बाणाशी काटकोन किंवा विशालकोन करते, ओढीशी मात्र लघुकोन. म्हणजे त्या दिशेने जरा सरकलं तर एकही अट मोडत नाही आणि नफा वाढतो. पण आपण तर सर्वोत्तम बिंदूवरच उभे आहोत! म्हणून बाण शंकूतच हवा. शंकू बंदिस्त असतो, म्हणजे त्याच्या कडा त्यातच मोडतात, म्हणून सर्वांत जवळचा बिंदू मिळतोच. ते वेगळं सिद्ध करावं लागलं, त्यात दोन दिवस गेले.

सगळं स्वच्छ वहीत उतरवलं आणि वही मिटली. मग पुन्हा उघडली. लंबाच्या पायाशी काटकोनाची खूण राहिली होती.