कृष्णधवल भुतांची उजळणी: नोंद ५

शनिवारी रात्री जुन्या 'फ्रँकेन्स्टाइन' भयपटांची टर उडवणारा विनोदी सिनेमा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो औरंगाबादला होस्टेलवर, घासून पांढरी पडलेली सीडी आणि एका मॉनिटरसमोर बाराजण. कुबड्या नोकर झालेल्या मार्टी फेल्डमनचे डोळे दिसले की हसायचं, एवढंच तेव्हा कळायचं.

आता परभणीत, घराच्या गच्चीवर. प्रोजेक्टर मागच्या नोंदीतलाच. चादर फडफडू नये म्हणून या वेळी खालच्या कडेला विटा बांधल्या. पण पहिला अर्धा तास गेला निळसर झाकेत. शेवटी कलर शून्यावर, टेंपरेचर वॉर्म, ब्राइटनेस थोडा खाली, तेव्हा कुठं काळा रंग काळा झाला. मग शेजारच्या काकूंना हाक मारून त्यांच्या गच्चीवरचा एलईडी बंद करून घेतला.

एवढा खटाटोप अशासाठी की, या सिनेमाचा जीवच त्या काळ्या रंगात आहे. १९७४ साली जवळपास सगळे रंगीत काढत होते, पण दिग्दर्शक मेल ब्रूक्स कृष्णधवलवर अडून बसला. कोलंबिया स्टुडिओ तयार होईना, तर सिनेमा घेऊन फॉक्सकडे गेला. प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रं तर १९३१ च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफाडननं बनवलेलीच, त्याच्या गॅरेजमध्ये पडून होती. तो प्रसंग मी दोनदा लावला. डॉक्टर झालेला जीन वाइल्डर गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय आणि प्रकाशयोजना मात्र अस्सल भयपटाची, एकदाही डोळा मारत नाही. होस्टेलवर हे दिसायचा प्रश्नच नव्हता.

फेल्डमनचं कुबड कधी डावीकडं, कधी उजवीकडं. तो ते कुणाला न सांगता सरकवायचा, बाकीच्यांच्या लक्षात यायला दिवस गेले म्हणे. वहीत डावं-उजवं मांडत बसलो, पण हसण्यात दोन खुणा चुकल्या आणि नाद सोडला.

सगळंच टिकलंय असं नाही. शब्दांवरच्या कोट्या निम्म्या डोक्यावरून जातात. आणि राक्षस डॉक्टरच्या वाग्दत्त वधूला (मॅडलिन कान) गुहेत नेतो तो प्रसंग आज विनोद म्हणून घशाखाली उतरत नाही. (आई शेजारी होती, फास्ट फॉरवर्ड केला.)

आई खरं तर शेंगा द्यायला वर आली होती. आंधळ्या साधूच्या झोपडीपाशी थांबली ती थांबलीच. साधू झालेला जीन हॅकमन मोठ्या मायेनं उकळतं सूप वाढतो, वाडगं चुकतं, सगळं राक्षस झालेल्या पीटर बॉइलच्या मांडीवर. मग द्राक्षारसाचा पेला फुटतो. मग चिरूट समजून अंगठाच पेटवतो. शेंग फोडता फोडता आईचा हात थांबला.

"आंधळा हाय बिचारा. पण ह्यो बी किती मुकाट भाजून घ्यायलाय!"

राक्षस ओरडत पळाला. आईनं टरफलं पदरात गोळा केली.

"जेवला का न्हाई त्यो शेवटी?"

नाही म्हटलं. ज्याच्यावरून हा प्रसंग बेतलाय तो १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' पुढच्या शनिवारी लावतोय. त्यातला आंधळा त्याला नीट जेवू घालतो. आईला तसं सांगून ठेवलंय.