आमची वाटचाल : झाकणाला भोक पाडल्यानंतर

केळीच्या टिश्यू कल्चर रोपांपासून, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत वाढवलेल्या रोपांपासून, आमची लॅब सुरू झाली. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या, जंतुविरहित हवेचं टेबल), ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) आणि रॅकवर ट्यूबलाइट, एवढाच पसारा. मुराशिगे-स्कूग यांचं १९६२ सालचं माध्यम (रोपाला अन्न पुरवणारं मिश्रण), त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर आणि वर घट्ट झाकण. बाटलीतली रोपं हिरवीगार दिसायची. हार्डनिंगसाठी, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावायला, ट्रेमध्ये लावली की मात्र बघता बघता माना टाकायची. या धंद्यात थोडीफार मर गृहीतच धरतात. मला ते कधी पटलं नाही, कारण गिऱ्हाईक पैसे देतं ते जगलेल्या रोपाचे.

कारण शोधायला पानाच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीने उचलायचं आणि तो ठसा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रोप बाहेर काढून बराच वेळ झाला तरी पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं, ज्यांतून पाणी उडून जातं) सताड उघडी! बंद बाटलीत आर्द्रता जवळपास १०० टक्के. तिथे रंध्रांना मिटायची सवयच लागत नाही आणि पानावर मेणाचा थरही पातळ राहतो.

हवेची कथा आणखी वेगळी. रात्री रोपांच्या श्वसनाने बाटलीतला कार्बन डायऑक्साइड काही हजार पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) चढतो. दिवे लागले की दोन-तीन तासांत तो १०० पीपीएमच्या आसपास उतरतो. बाहेरच्या हवेत तो ४२० च्या वर असतो. म्हणजे उरलेला दिवस पान उजेडात असूनही उपाशी, आणि रोप जगतं ते साखरेवर. अशा बाटलीवर दिवे वाढवले तर वाढतं फक्त वीजबिल. जपानच्या चिबा विद्यापीठातले शास्त्रज्ञ तोयोकी कोझाई हेच कितीतरी वर्षं सांगत आले आहेत.

मग आम्ही झाकणाला भोक पाडून त्यावर जंतू अडवणारी फिल्टरची चकती बसवली. हवा खेळू लागली, साचणारं इथिलीन (रोपांतूनच निघणारा वायू) बाहेर पडू लागलं, काचेसारखी फुगीर रोपं कमी झाली. आता मुळं धरायच्या टप्प्यावर साखर कमी ठेवतो आणि उजेड वाढवतो. रोपं बुटकी दिसतात, पण पान जाड असतं आणि ट्रेमध्ये उभं राहतं. गिऱ्हाइकाला हे पटवणं हा वेगळाच उद्योग! माध्यम लवकर सुकतं, म्हणून ते थोडं जास्त ओततो. गुणनाच्या, म्हणजे एका फुटव्याचे अनेक फुटवे करायच्या, टप्प्यावर मात्र साखर पूर्वीइतकीच, कारण इवल्या फुटव्याला स्वतःचं पोट भरण्याइतकं पानच नसतं.

डाळिंब आणि स्ट्रॉबेरीलाही आता हीच झाकणं वापरतो. ग्रोथ रूममध्ये सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड सोडायचा विचार आहे. पण त्याच खोलीत आमची माणसं वावरतात, म्हणून आधी मीटर आणि अलार्म बसवायचा, सिलिंडर त्यानंतर.