आईची कवळी

जेवताना आईची खालची कवळी आज पुन्हा निसटली आणि ती ओशाळून म्हणाली, “मलाच मेलीला नीट चावता येत नाही.” चूक तिची नाही आणि कवळीही होती तशीच आहे, बदलला आहे तो जबडा.

दात ज्या हाडात रुतलेले असतात, ते हाड दात गेल्यावर पहिल्या वर्षी झपाट्याने आणि पुढे आयुष्यभर हळूहळू झिजते, त्यातही खालच्या जबड्यात अधिक. म्हणूनच ओठ आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते, आणि आपण सगळा दोष सुरकुत्यांना देतो.

कवळी बसवताना हे तिला कोणीच समजावले नाही, याचे फार वाईट वाटते. ती बिचारी भाकरी दुधात कुस्करून खाते आहे. तुमच्या घरातल्यांची कवळी शेवटची केव्हा तपासून घेतली होती?