तुम्ही विचारलंत म्हणून : त्या दोन वर्षांचे काय झाले?

संमेलनाच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, अगदी परवा मिरजेच्या फलाटावरही हाच प्रश्न आला : "ताई, तुम्हाला लिहायला दोन वर्षांची अभ्यासवृत्ती मिळाली होती ना, मग ती कादंबरी कुठे आहे?" आजवर मी हसून विषय बदलत आले, आता एकदाचे लिहूनच टाकते.

आधी थोडी तक्रार. साहित्य अकादमीचा लाखाचा पुरस्कार असो वा ज्ञानपीठ, आपल्याकडे मान मिळतो तो लिहून झाल्यावर. नवोदिताच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदान आहे. पण चार पुस्तके नावावर असलेल्या आणि नोकरीत अडकलेल्या लेखकाला नुसता वेळ देणाऱ्या योजना फार थोड्या. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची ज्येष्ठ अभ्यासवृत्ती चाळिशी ओलांडलेल्यांना दोन वर्षे दरमहा २०,००० रुपये देते. माझी एका खासगी न्यासाची होती, आणि तिच्यासाठी मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

दुसऱ्याच महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला : "तू आता घरीच असतेस, तर आईला तुझ्याकडे आणून सोडतो." लिहिण्याच्या खोलीत आईची कॉट आली आणि टेबल जिन्याखाली गेले. हे कारण मी पुष्कळांना सांगितले आहे आणि ते खोटे नाही. मात्र आई दुपारी एक ते चार गाढ झोपत असे, आणि ते तीन तास मी गवार मोडत बसे, हे कोणालाही सांगितलेले नाही.

दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचा, मग पुढचा हप्ता. तिसऱ्या अहवालाच्या वेळी माझ्याकडे ३१ पाने होती. 'पूर्ण झालेली पृष्ठे' या रकान्यात मी ११० लिहिले, आणि सोबत जोडायला माझ्याच दुसऱ्या कादंबरीतून गाळलेली दोन प्रकरणे कपाटातून काढून, पात्रांची नावे बदलून, रात्रभर टाइप केली. एके ठिकाणी जुने नाव तसेच राहिले. आठवड्याने परीक्षकांचा फोन आला. त्या कादंबरीचे हस्तलिखित त्यांनी वाचले होते, हे मी साफ विसरले होते. त्यांनी आईची प्रकृती विचारली, यंदाच्या पावसाबद्दल बोलले, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ती पानं तेव्हा गाळलीत, ते योग्यच केलंत." हप्ता वेळेवर जमा झाला. तो मी परत केला नाही. आईच्या औषधांत गेला.

"मला फक्त वेळ द्या," असे एके काळी मुलाखतींतून सांगणारी बाई मला आता खोटारडी वाटते, कारण चारही पुस्तके तिने पहाटे पाच ते साडेसहा, कुकर लावण्याआधी लिहिली होती. पण तिचीही बाजू आहे. त्या पुस्तकांतली आखूड, तुटक प्रकरणे समीक्षकांनी शैली म्हणून वाखाणली. ती दीड तासात मावेल एवढीच मजल होती, आणि मोठा पट मांडायला सलग दिवस लागतात, हे मी आजही म्हणेन.

यंदा आणखी एका अभ्यासवृत्तीसाठी अर्ज भरला आहे. त्यातही तो रकाना आहे. ४६ लिहिले आहेत.