थांबा, एवढ्यात काढू नका

आमचं ऑफिस चेन्नईत वडपळनीला, कोडंबाक्कमला लागून. सिनेमांच्या चोरीच्या कॉप्या नेटवर शोधायच्या आणि तिथून काढायला लावायच्या, एवढंच काम. सांगलीत आई अजून शेजारणींना सांगते की पोरगी सायबर पोलिसात आहे.

मोठ्या हिरोचा सिनेमा असला की आम्ही पहाटेपासून स्क्रीनसमोर. तमिळनाडूत पहिला शो सकाळी 9 चा. 2023 च्या ऑक्टोबरात विजयच्या ‘लिओ’च्या निर्मात्यांनी पहाटेच्या शोसाठी कोर्टाची पायरी चढून पाहिली, जमलं नाही, केरळात मात्र पहाटे 4 लाच शो सुरू झाले. म्हणजे मदुराईचा माणूस आत शिरायच्या आधीच दुसरीकडे कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सिनेमा उतरलेला असू शकतो. तरी मोठे सिनेमे तगतात. त्यांची तिकिटं आधीच विकलेली असतात, आणि हिरोच्या कटआउटवर दूध ओतायला आलेला माणूस टेलिग्रामवर बघून समाधान मानत नाही.

मरतो तो छोटा सिनेमा. तो चालतो सांगोवांगी. शुक्रवारी पाहिलेल्यांनी शनिवारी सांगायचं, रविवारी गर्दी व्हायची, मग सोमवारी थिएटरवाला शो ठेवायचा. कॉपी आली की ही साखळी नेमकी रविवारी तुटते.

अशाच एका छोट्या सिनेमाचंही तसंच झालं. नाव सांगत नाही. निर्मात्यांचा तिरुप्पूरला बनियनचा धंदा; थोडे स्वतःचे पैसे, बाकी फायनान्सरचे. आमचं सगळ्यात स्वस्तातलं पॅकेज घेतलेलं. रविवारी दुपारी लिंक सापडली तेव्हा ते योगायोगाने पुढची रक्कम द्यायला ऑफिसात आले होते. “दाखवा,” म्हणाले.

कॅमकॉपी होती, म्हणजे थिएटरात बसून पडद्यावरून रेकॉर्ड केलेली. चित्र तिरकं, खालच्या कोपऱ्यात सट्ट्याच्या अ‍ॅपची जाहिरात, आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधीही तीच. (फुकट सिनेमाचे पैसे कोण भरतं, हे तिथेच लिहिलेलं असतं.) मध्येच एक डोकं पडद्यावरून सरकत गेलं. आवाज थिएटरातलाच, खोकल्यासकट.

एका प्रसंगाला लोक हसले. खळखळून, मागून कुणीतरी शिट्टीही मारली. सार (इकडे ‘सर’ला असंच म्हणतात), म्हणजे निर्माते, खुर्चीतून पुढे झुकले. “इथे हसतात?” त्यांनी चेन्नईत दोन थिएटरांत दुपारचे शो पाहिले होते, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. हा हशा त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होता.

मी नोटिशीचा फॉर्म भरत होते. त्यांनी खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. “शेवट जबरदस्त.” “हिरोइन कोण?” “आमच्या गावात लागलाच नाही, म्हणून इथे.” माझा हात बटणाकडे गेला, तसे म्हणाले, “थांबा मा, एवढ्यात काढू नका.”

बघणाऱ्यांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. आमच्या कामात मिनिटाला किंमत असते. एका चॅनलवरून दहा चॅनलवर जायला वेळ लागत नाही. पण मी थांबले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता काढा.” काढली. रात्रीपर्यंत तीच फाइल नव्या नावांनी पुन्हा वर आली. नवल नाही. 2018 मध्ये रजनीकांतच्या ‘2.0’साठी मद्रास उच्च न्यायालयाने 12 हजारांहून जास्त संकेतस्थळं बंद करायला सांगितली होती, तरी सिनेमा प्रदर्शनाच्याच दिवशी नेटवर होता.

सोमवारी बहुतेक थिएटरांनी शो कापले.

पुढे खुणेचा अहवाल आला. थिएटरचा डिजिटल सर्व्हर चित्रात आणि आवाजात न दिसणारी खूण सोडत असतो, त्यावरून कोणता सर्व्हर आणि साधारण कोणती वेळ हे निघतं. स्क्रीन शेजारच्या राज्यातली निघाली, शनिवारचा रात्रीचा शो. कायदा कडक आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड 3 लाखांपासून निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. तमिळनाडूत तर 2004 पासून व्हिडिओ पायरेट गुंडा कायद्यात, म्हणजे गुंडांना स्थानबद्ध करायच्या कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या तशाच कायद्यात, एमपीडीएतही नंतर तो आला.

मी सारांना फोन करून पोलिसांकडे तक्रारीचं विचारलं. वितरकाने त्यांना आधीच सुनावलं होतं: रेकॉर्डिंग करणारा सापडेल न सापडेल, पण थिएटरमालक चौकशीत अडकला तर पुढच्या सिनेमाला त्या पट्ट्यात स्क्रीन विसरा. तक्रार झाली नाही. मला राग आला, त्यांचा नव्हे.

ओटीटीच्या बोलणीत पहिला विषय लीकचा निघाला. सारांनी मुद्दा मांडून पाहिला: एवढ्या लोकांनी पाहिला, म्हणजे मागणी आहे ना? समोरून उत्तर आलं, ज्यांना बघायचा होता त्यांचा बघून झाला. आधी तोंडी ठरलेल्या रकमेच्या निम्म्यावर सौदा ठरला, आणि त्यातलेही पैसे आधी फायनान्सरकडे गेले.