सीझरचं मृत्युपत्र आणि माझा इंग्लिशचा पेपर

बीए इंग्लिशला असताना नाटकाच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा, टेक्स्टमधले परस्परविरोधी दृष्टिकोन कसे मांडलेत ते डिस्कस करा. आम्हाला होतं शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर, ज्यात सीझर राजा होईल या भीतीनं ब्रूटस, कॅशियस वगैरे त्याचा खून करतात आणि सीझरचा मित्र अँटनी लोकांना त्यांच्याविरुद्ध फिरवतो. अर्ध्या वर्गाचं उत्तर ठरलेलं, ब्रूटस असं म्हणतो, अँटनी तसं म्हणतो, दोघांचंही थोडंथोडं बरोबर, संपलं. पानं भरतात पण मार्क येत नाहीत. मॅडम म्हणायच्या, अगो, कोणाचं बरोबर हे विचारलेलंच नाहीये, तुला एका बाजूला ओढलं कसं ते विचारलंय.

मग मी ते तिसऱ्या अंकातलं दोन भाषणांचं दृश्य घेऊन बसले. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत एसी मस्त असतो हेही एक कारण, फोंड्याहून कदंबची बस पकडून जायचे. यावेळी काय बोलतात हे सोडून दिलं आणि नुसतं कोण आधी बोलतो, कोण नंतर, कोण कुठे उभा, हातात काय, एवढंच बघितलं. ब्रूटस आधी बोलतो, तेही गद्यात, मोजून मापून, मी सीझरवर प्रेम करत होतो पण रोमवर जास्त, आणि बोलून झालं की अँटनीला स्टेज देऊन स्वतः निघून जातो!! कॅशियसनं आधीच सांगितलेलं की याला बोलू देऊ नकोस. अँटनी येतो प्रेत घेऊन, बोलतो पद्यात, मध्येच रडायला थांबतो, भोकं पडलेला झगा दाखवतो, मृत्युपत्र आहे म्हणतो आणि वाचत नाही, लोक ओरडायला लागल्यावरच वाचतो, प्रत्येक नागरिकाला 75 द्राख्मा. म्हणजे शेवटचा शब्द कोणाला मिळाला, पुरावा कोणाच्या हातात होता, इथेच अर्धं उत्तर आहे. आणि गर्दी? ब्रूटसचं ऐकून त्यातला एकजण म्हणतो यालाच सीझर करा, ज्या गोष्टीसाठी खून केला तीच! मला तर वाटतं तो माणूस नाटकातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याला नावसुद्धा नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर अँटनी हुशार एवढंच लिहून होतं. पुढे चौथ्या अंकात तोच अँटनी तेच मृत्युपत्र मागवतो, त्यातलं देणं कमी कसं करता येईल ते बघायला. आधी जे ऐकून आपणही गर्दीबरोबर वाहवत गेलो त्याचा अर्थ मागे जाऊन बदलतो. असे जोड सापडले की पॅरा आपोआप बनतो. तसंच सीझरच्या बायकोचं, कॅल्पर्नियाचं स्वप्न, सीझरच्या पुतळ्यातून रक्त वाहतंय, ती म्हणते अपशकुन, कटातला डेशियस म्हणतो छे, रोमला तुमच्याकडून नवं जीवन मिळणार. स्वप्न एकच, आणि सीझरला जे ऐकायला आवडतं ते जिंकतं. सिसेरो पहिल्या अंकात वादळात म्हणतोच की माणसं आपल्या सोयीनं अर्थ लावतात, पण ते वाक्य सगळेच टाकतात म्हणून मी टाळायचे.

हे मला जरा लवकर पटलं त्याला घर कारणीभूत. 16 जानेवारी 1967 चा गोव्यातला ओपिनियन पोल, म्हणजे महाराष्ट्रात जायचं की वेगळं केंद्रशासित राहायचं यावरचं मतदान, आमचे आजोबा फूल या निशाणीवाले, म्हणजे विलीनीकरण हवं म्हणणारे, आणि शेजारचे अंकल दोन पानं या निशाणीवाले, म्हणजे गोवा वेगळा हवा म्हणणारे. दोन पानं जिंकली, फरक 34,021 मतांचा. आजोबा हा आकडा सांगायचे तो "एवढ्यानंच गेलं" असा, आणि अंकल सांगायचे "एवढ्यानं जिंकलो" असा, मग गोष्ट सुरू कुठून करायची यावरून वेगळा वाद, आजोबा विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांपासून, अंकल विरोधातल्या जॅक सिक्वेरांपासून. आकडा दोघांचाही खराच.

लिहिताना मी काय करायचे तर आधी एका वाक्यात माझं म्हणणं, आणि त्यात "दोन बाजू आहेत" असं लिहायचंच नाही, ते तर प्रश्नातच दिलेलं असतं. मग एक पॅरा ब्रूटसचा एक अँटनीचा असं न करता एका पॅरात दोघेही, विषय म्हणजे पुरावा, किंवा गर्दी, किंवा गद्य-पद्य. कोट अगदी छोटे, चार-पाच शब्दांचे. दुसरा टेक्स्ट जोडायचा असेल तर जेन एअर (1847) आणि वाइड सार्गासो सी (1966) या कादंबऱ्यांची जोडी सोयीची, पहिलीत नायकाची माळ्यावर कोंडलेली बायको, दुसरीत ती स्वतः बोलते. पण गंमत अशी की दुसरीतही बराच भाग नवराच सांगतो, तेवढं सोडून लिहिलं तर उत्तर फार गोड होतं.

इंटर्नलला शेवटी मी लिहिलं की अँटनी ब्रूटसला सगळ्यात थोर रोमन म्हणतो खरा, पण ब्रूटस मेल्यावर, आणि जिंकलेल्याला असं बोलणं परवडतं. मार्क चांगले आले. मॅडमनी मात्र त्या वाक्याखाली रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं, त्यांच्या मते अँटनी तिथे मनापासून बोलतो. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.